ताग, कोळसा आणि सीमारेषा

शेजारी राष्ट्रांनी परस्परांशी मोकळा व्यापार करावा, एकमेकांच्या मालावरील जकाती हळूहळू उतरवाव्यात आणि शक्य तर सर्वांची मिळून एकच बाजारपेठ उभारावी, हा विचार आज सर्वांच्या परिचयाचा आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी त्याचे फायदे बोटांवर मोजून दाखवील. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एक वेगळाच प्रश्न पडतो. व्यापाराचा फायदा इतका उघड असताना शेजारी एकमेकांपासून दूर का जातात? आणि ज्यांच्यात हाडवैर आहे असे शेजारी कधीकधी जवळ कसे येतात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एकाच काळात घडलेल्या दोन हकिगतींकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. त्यांपैकी एक आपल्या उपखंडातील आहे, दुसरी पश्चिम युरोपातील. पहिलीच्या केंद्रस्थानी ताग आहे, दुसरीच्या कोळसा. आणि कोळशाचा प्रवेश पहिल्या कथेतही व्हायचा आहे.

तागासारखे सामान्य दिसणारे पीक दुसरे नसेल. पाण्याने तुडुंब भरलेल्या खाचरांत तो वाढतो, कापून पुन्हा पाण्यातच कुजवला जातो आणि मग कमरेइतक्या पाण्यात उभे राहून शेतकरी त्याचा तंतू सोडवतो. पण जगातील धान्य, साखर, कॉफी, कापूस ज्या पोत्यांतून आणि गोणपाटांतून देशोदेशी जात असे, ती बव्हंशी या तंतूची असत. इ. स. १८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिशडा येथे यंत्रावर ताग कातणारी पहिली गिरणी निघाली आणि पुढील शंभर वर्षांत हुगळीच्या दोन्ही काठांवर गिरण्यांची रांगच उभी राहिली. कच्चा माल येई तो मात्र बहुतांशी पूर्व बंगालमधून. ब्रह्मपुत्रा, मेघना आणि त्यांच्या असंख्य फाट्यांवरून होड्या आणि पडाव नारायणगंजसारख्या पेठांत ताग आणीत. तेथे त्याच्या गाठी बांधल्या जात आणि आगबोटीने व आगगाडीने त्या हुगळीकडे रवाना होत. शेत एकीकडे, गिरणी दुसरीकडे आणि मध्ये नदी, अशी ही रचना होती. तिला कोणी सामाईक बाजारपेठ असे नाव दिले नव्हते. कारण तिच्यात सीमाच नव्हती.

ऑगस्ट १९४७ मध्ये ती सीमा आली. अविभक्त हिंदुस्थानातील तागाच्या लागवडीपैकी सुमारे तीनचतुर्थांश क्षेत्र पूर्व पाकिस्तानात गेले. शंभरांहून अधिक तागगिरण्या होत्या, त्या सगळ्या भारतात राहिल्या. पूर्व पाकिस्तानच्या वाट्याला त्यांतील एकही आली नाही. कापसाची गोष्ट फारशी निराळी नव्हती. मुंबई आणि अहमदाबाद येथील गिरण्या सिंध आणि पश्चिम पंजाबातील लांब धाग्याच्या कापसावर मोठ्या प्रमाणात अवलंबून होत्या. सिंध प्रांत तर १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि कराची व मुंबई ही एकाच इलाख्याची दोन बंदरे होती. देशातील सुमारे चारशे कापडगिरण्यांपैकी जेमतेम चौदा पाकिस्तानच्या वाट्याला आल्या. उलट पाकिस्तानच्या रेल्वेगाड्यांना लागणारा दगडी कोळसा झरिया आणि राणीगंजच्या खाणींतून येत होता. आसामचा चहा पूर्व बंगालमधील नद्यांवरून कलकत्त्याच्या बंदरात पोहोचत होता. सारांश, दोन्ही देशांची अवस्था एका कातरीच्या दोन पात्यांसारखी झाली होती.

ही अडचण त्या वेळच्या राज्यकर्त्यांना दिसत नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. फाळणीची व्यवस्था ठरवताना उभय पक्षांनी असा करार केला होता की २९ फेब्रुवारी १९४८ पर्यंत दोन्ही देशांमधील मालाच्या ये-जा करण्यावर जकात बसवावयाची नाही. चलनही काही काळ एकच राहिले. पाकिस्तानात भारताच्याच नोटा पाकिस्तान सरकारचे नाव छापून चालत होत्या आणि पाकिस्तानची स्टेट बँक १ जुलै १९४८ रोजी सुरू होईपर्यंत भारताची रिझर्व्ह बँकच तेथील मध्यवर्ती बँकेचे काम पाहत होती. म्हणजे आज ज्याला आर्थिक एकीकरणाची प्रगत अवस्था म्हणतात, ती या दोन देशांना जन्मतःच लाभलेली होती. जकात नव्हती, चलन एक होते, मध्यवर्ती बँक एक होती, रेल्वेचे रूळ तेच होते आणि कायदेही तेच होते.

हे सर्व टिकले मात्र काही महिनेच. पहिला तंटा तागावरील निर्यातकराचा निघाला. ताग पूर्व बंगालचा, पण परदेशी जाई तो कलकत्त्याच्या बंदरातून. त्यामुळे कर भारताच्या तिजोरीत पडे. त्यात आपला वाटा असावा, हे पाकिस्तानचे म्हणणे मान्य झाले नाही. तेव्हा १९४७ अखेरीसच पाकिस्तानने आपल्या हद्दीतून भारतात जाणाऱ्या तागावर कर बसवला. १ मार्च १९४८ पासून दोन्ही देश जकातीच्या दृष्टीने परस्परांना परके झाले. मे १९४८ मध्ये एक व्यापारी करार झाला. ताग व कापूस इकडे यावा आणि कोळसा, कापड, पोलाद तिकडे जावे, असे त्यात ठरले. काल ज्या गोष्टी आपोआप होत होत्या, त्यांसाठी आज करार करावा लागत होता. तरीही १९४८-४९ मध्ये पाकिस्तानच्या एकूण निर्यातीपैकी सुमारे ५६ टक्के माल भारतात येत होता आणि त्याच्या आयातीपैकी सुमारे ३२ टक्के भारतातून होत होती. नाते ताणले गेले होते, पण तुटले नव्हते.

ते तुटले सप्टेंबर १९४९ मध्ये, आणि निमित्त झाले ते लंडनमधील एका निर्णयाचे. १८ सप्टेंबर रोजी ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. पौंडाशी निगडित असलेल्या बहुतेक देशांप्रमाणे भारतानेही आपल्या रुपयाची किंमत तेवढीच, म्हणजे सुमारे ३०.५ टक्के उतरवली. पाकिस्तानने तसे न करण्याचे ठरवले. कालपर्यंत समान असलेले दोन रुपये आता असमान झाले. पाकिस्तानच्या शंभर रुपयांसाठी भारताचे १४४ रुपये मोजावे लागणार होते.

येथे क्षणभर थांबून दोन्ही बाजूंचा विचार न्यायबुद्धीने केला पाहिजे. पाकिस्तानचा हिशेब असा होता की आपला ताग आणि कापूस यांना जगात मागणी आहेच. भाव उतरवून त्यांची विक्री फारशी वाढणार नाही. उलट कारखाने उभारण्यासाठी जी यंत्रे बाहेरून आणावयाची, ती विनाकारण महाग होतील. हा हिशेब निराधार नव्हता. भारताचे म्हणणे असे की आपल्या गिरण्यांनी कच्च्या तागासाठी एकदम ४४ टक्के अधिक किंमत मोजली, तर अमेरिकेच्या बाजारात आपले गोणपाट खपणार कसे? हेही निराधार नव्हते. दोन्ही सरकारे आपापल्या परीने शहाणपणाने वागत होती. परंतु दोघांचे शहाणपण एकत्र बसून तपासून पाहील, असे स्थान मात्र कोठेही नव्हते. भारताने पाकिस्तानचा नवा दर मानला नाही आणि व्यापार जागच्या जागी थांबला.

तो महिना तागाच्या सुगीचा होता. पूर्व बंगालमधील शेतकरी तंतू वाळवून विक्रीला काढीत होता आणि नेमके त्याच वेळी त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. पाकिस्तान सरकारने तागमंडळ स्थापून किमान भावाने खरेदी सुरू केली. पण लहान शेतकऱ्याला माल फार दिवस थोपवून धरणे परवडत नाही, हे सांगावयास नकोच. इकडे हुगळीच्या काठी गिरण्यांना कामाचे तास कमी करावे लागले. डिसेंबर १९४९ मध्ये भारताने पाकिस्तानला जाणारा कोळसा बंद केला. हाकेच्या अंतरावर खाणी असताना पाकिस्तानला कोळशासाठी समुद्रापलीकडे पाहावे लागले, आणि हाकेच्या अंतरावर ताग असताना भारताने आपल्याच भूमीत तागाची लागवड वाढवण्याचा चंग बांधला. १९४७-४८ मध्ये भारतात तागाच्या सुमारे १७ लाख गाठी पिकत होत्या. १९५०-५१ मध्ये ते उत्पादन ३३ लाख गाठींवर गेले. पश्चिम बंगाल, आसाम, बिहार व ओरिसा या प्रांतांतील शेतकऱ्यांच्या आणि संशोधकांच्या कर्तृत्वाची ही साक्ष आहे, यात शंका नाही. परंतु ज्या देशात धान्याचा तुटवडा होता, त्या देशाने भातासाठी योग्य असलेली जमीन तागाला दिली, हेही विसरून चालणार नाही. पाकिस्ताननेही तेच केले. नारायणगंज येथे १९५१ मध्ये आदमजी तागगिरणी सुरू झाली आणि पुढे ती जगातील सर्वांत मोठी तागगिरणी म्हणून ओळखली जाऊ लागली. एकाने गिरण्यांसाठी शेते तयार केली, दुसऱ्याने शेतांसाठी गिरण्या उभारल्या.

याच जिद्दीने आसामसाठी नवा लोहमार्ग बांधण्यात आला. पूर्व बंगालमधून जाणारा जुना मार्ग परका झाल्यामुळे उत्तर बंगालच्या चिंचोळ्या पट्टीतून, हिमालयाच्या पायथ्याच्या नद्या ओलांडीत, दोन वर्षांच्या आत हा मार्ग पुरा झाला आणि जानेवारी १९५० मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली. अभियंत्यांचा तो पराक्रमच होता. पण तो घडवून मिळवले काय, तर जे तीन वर्षांपूर्वी होते तेच, आणि तेही अधिक लांबच्या वाटेने.

१९५० च्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांनी मर्यादित व्यापाराचा करार केला, आणि पाकिस्तानी रुपयाचा दर भारताने अखेर मान्य केला तो फेब्रुवारी १९५१ मध्ये. पुढे १९५५ मध्ये पाकिस्ताननेही आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले आणि दोन्ही रुपये पुन्हा समान झाले. ज्या कारणाने भांडण जुंपले, ते कारण सहा वर्षांत उरले नाही. परंतु तोपर्यंत नवी शेते, नव्या गिरण्या, नवे मार्ग आणि त्यांवर पोसलेले नवे हितसंबंध उभे राहिले होते, आणि ते मागे फिरणारे नव्हते.

आता युरोपकडे वळू. आपल्याकडे कोळसा अडवल्याला पाच महिनेही झाले नव्हते, तोच ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी पॅरिसमध्ये एक निवेदन केले. त्यामागची कल्पना झां मोने यांची होती. फ्रान्स आणि जर्मनी यांच्या कोळशाचे व पोलादाचे सर्व उत्पादन एका सामाईक अधिकारमंडळाच्या हाती द्यावे आणि ते इतर राष्ट्रांनाही खुले ठेवावे, असे त्यात सुचवले होते. या प्रस्तावाचे धाडस ध्यानी येण्यासाठी पार्श्वभूमी आठवली पाहिजे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या दोन राष्ट्रांनी तीन युद्धे केली होती. लोरेनचे लोखंड आणि रूरचा कोळसा हे एकमेकांचे पूरक. पण सीमा त्यांच्या मधून जात असल्यामुळे प्रत्येक युद्धात विजेत्याची दृष्टी त्यांवर जाई. ताग आणि हुगळीच्या गिरण्या यांचे जे नाते, तेच येथे लोखंड आणि कोळसा यांचे होते.

१८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी पॅरिस येथे करारावर सह्या केल्या. १९५२ च्या जुलैमध्ये करार अंमलात आला आणि लक्झेंबर्ग येथे उच्चाधिकार मंडळ काम करू लागले. मोने त्याचे पहिले अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९५३ मध्ये कोळसा व लोखंड यांची आणि मे महिन्यात पोलादाची सामाईक बाजारपेठ उघडली. या कराराकडे केवळ जकाती रद्द करणारा कागद म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. तंटा झाल्यास निवाडा देणारे न्यायालय त्यात होते, प्रतिनिधींची सभा होती, मंत्र्यांचे मंडळ होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नुकसान कोणाचे होणार याचा विचार आधीच केलेला होता. बेल्जियमच्या जुन्या, खर्चिक खाणींना जर्मन कोळशाच्या स्पर्धेत तग धरता येणार नाही हे उघड होते. म्हणून संक्रमणकाळात जर्मनी आणि हॉलंड येथील कोळशावर पट्टी बसवून त्यातून बेल्जियमच्या खाणींना साहाय्य दिले गेले. ज्या कामगारांचा रोजगार जाई, त्यांच्या नव्या शिक्षणासाठी आणि स्थलांतरासाठीही मदतीची तरतूद होती. पुढे याच पायावर १९५७ चा रोमचा करार झाला आणि १ जुलै १९६८ रोजी या सहा देशांतील अंतर्गत जकाती पूर्णपणे संपल्या.

ही तुलना करताना आपण स्वतःवर अन्याय करू नये. युरोपला अमेरिकेच्या मोठ्या अर्थसाहाय्याचा आधार होता, आणि पूर्वेकडील भयाने त्या राष्ट्रांना एकत्र राहण्यास भाग पाडले होते. ती राष्ट्रे जुनी होती. आपल्याकडे मात्र दोन नवजात राज्ये होती. लक्षावधी निर्वासितांचा लोंढा सीमेच्या दोन्ही बाजूंनी वाहत होता, काश्मीरचा प्रश्न पेटला होता, आणि नव्या स्वातंत्र्याचा एक कणही दुसऱ्याच्या स्वाधीन करणे कोणाला रुचणारे नव्हते. आणखी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. १९४७ पूर्वीची ती अखंड बाजारपेठ समतेवर उभी नव्हती. ताग पिकवणारा शेतकरी पूर्व बंगालचा, तर गिरणी, बंदर, विमा, बँक आणि नफा हे सारे कलकत्त्याचे. त्यामुळे ती व्यवस्था मोडली तेव्हा पूर्वेकडील अनेकांना हानीपेक्षा मुक्ततेचीच भावना अधिक झाली असेल, तर ते समजण्यासारखे आहे. बाजार मोकळा असला म्हणजे तो न्यायाचा असतोच, असे नाही.

मला वाटते, या दोन कथांचा बोध येथेच आहे. उपखंडाला बाजारपेठ वारसाहक्काने मिळाली होती; पण तिचे रक्षण करणारी, नफा-तोटा वाटून देणारी आणि तंटा मिटवणारी संस्था नव्हती. युरोपजवळ अशी बाजारपेठ नव्हती. तिथे संस्था आधी निर्माण झाली आणि तिने बाजारपेठ घडवली. जे आयते मिळाले होते ते दोन वर्षांत गेले. जे घासाघीस करून, कुरबुरीसह, तिजोरीला चाट लावून मिळवले ते टिकले.

पुढील इतिहासही हेच सांगतो. १९६५ च्या युद्धानंतर भारत-पाकिस्तान व्यापार जवळजवळ नऊ वर्षे बंद राहिला. १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला आणि १९७२ मध्ये त्याच्याशी व्यापाराचा व नौकानयनाचा करार होऊन जुन्या नद्या पुन्हा वाहतुकीला मोकळ्या झाल्या. १९८५ मध्ये ढाका येथे सार्क ही संघटना स्थापन झाली. सदस्य देशांच्या मुक्त व्यापारक्षेत्राचा करार २००४ मध्ये झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. परंतु प्रत्येक देशाने आपल्याला नाजूक वाटणाऱ्या वस्तूंच्या लांबलचक याद्या त्यातून वगळल्या. जागतिक बँकेने २०१८ मध्ये दाखवून दिले की दक्षिण आशियाच्या एकूण व्यापारात या देशांच्या आपसातील व्यापाराचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसवली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार स्थगित केला. १९६५ मध्ये थांबलेली कलकत्ता-ढाका मार्गावरील प्रवासी गाडी २००८ मध्ये नव्या रूपात सुरू झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा थांबली. संबंध सुधारले की दार उघडते, बिघडले की लागते. दाराची किल्ली मात्र सदैव एकाच एका हाती राहते.

आणि ताग? युरोपचा कोळसा-पोलाद करार आपली पन्नास वर्षांची मुदत पुरी करून २००२ च्या जुलैमध्ये संपला, तो आपले काम मोठ्या संघटनेच्या हाती सोपवून. त्याच वर्षी जूनअखेरीस नारायणगंजची आदमजी गिरणी बंद पडली, ती तोट्याच्या ओझ्याखाली. २०११ मध्ये भारताने बांगलादेशाला, दारू-तंबाखूसारख्या मोजक्या वस्तू सोडल्यास, जवळजवळ सर्व मालावर जकातमुक्त प्रवेश दिला. हे पाऊल उदार होते आणि त्याचे फळही दिसले. परंतु २०१७ मध्ये बांगलादेशातून येणाऱ्या तागाच्या सुतावर, गोणपाटावर आणि पोत्यांवर डंपिंगविरोधी कर बसला. मग २०२५ मध्ये दोन्ही देशांचे संबंध ताणले गेले. एप्रिलमध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात बंद केली, आणि जूनमध्ये भारताने असा आदेश काढला की बांगलादेशाचा ताग व तागाच्या ठरावीक वस्तू सीमेवरील कोणत्याही खुष्कीच्या नाक्यातून येऊ नयेत. त्या आणावयाच्या तर केवळ मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून.

नकाशा डोळ्यांपुढे आणून पाहावे. पेट्रापोलच्या नाक्यापासून हुगळीच्या गिरण्या काही तासांच्या वाटेवर. त्याऐवजी तागाच्या गाठीने चितगावच्या बंदरात जहाजावर चढावे, बंगालचा उपसागर उतरून श्रीलंकेला वळसा घालावा, कोकणच्या किनाऱ्यावर उतरावे आणि मग सबंध देश ओलांडून पुन्हा बंगालमध्ये जावे. दोन शेजाऱ्यांमधील अविश्वासाचे मोल काय असते, हे या प्रवासाइतके स्पष्ट कोणताही ग्रंथ सांगू शकणार नाही.

हे मोल सरकारी खजिन्यातून क्वचितच चुकते होते. ते चुकवतो गुडघाभर पाण्यात उभा असलेला शेतकरी, गिरणीतील विणकर आणि नाक्यावर खोळंबलेल्या मालमोटारीचा चालक. आणि हे तिघे सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आढळतात. शेजाऱ्यांच्या सामाईक बाजारपेठेचा विचार जेव्हा पुन्हा होईल, तेव्हा आरंभ जकातीच्या याद्यांपासून न करता, नुकसान झाल्यास ते कोणी आणि कसे सोसावयाचे, या प्रश्नापासून करावा. पॅरिसच्या करारकर्त्यांनी तेथूनच केला होता. आपल्याकडे तो प्रश्न १९४७ मध्ये विचारावयाचा राहून गेला, आणि अजूनही त्याला उत्तर मिळालेले नाही.